भाकरी थापणारा खांदा आणि औसा रोडचं फिजिओथेरपी क्लिनिक

लातूरच्या ट्यूशन एरियात माझी मेस आहे. नीटची तयारी करणारी पोरं-पोरी दोन्ही वेळेला जेवतात आणि त्यातल्या निम्म्यांना चपाती नको, ज्वारीची भाकरीच लागते. हाताखाली दोघी बायका आहेत, पण थापायला मीच बसते. भाकरी जाड झाली की पोरं डबा तसाच परत पाठवतात आणि घरी आईला फोन करून सांगतात ते वेगळंच. त्यामुळं मागच्या पावसाळ्यात माझा उजवा खांदा धरला तेव्हा माझ्यापेक्षा घरच्यांचेच चेहरे जास्त उतरले.

वय 52. शुगर आहे, जुनी. हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, त्यात काही निघालं नाही. चिठ्ठीवर लिहिलं, फ्रोझन शोल्डर, फिजिओथेरपी. एक्स-रेत काही नाही म्हणजे दुखणंच नाही असं आमच्या जाऊबाईंचं मत पडलं. पण या दुखण्यात एक्स-रे बहुतेक वेळा साफच येतो. सांधा झिजलेला नाही ना, दुसरं काही नाही ना, एवढं बघायला तो काढतात.

मी उपचार घेतले ते क्लिनिक औसा रोडला एका गल्लीत आहे. नाव टाकत नाही. टाकलं की लोक म्हणणार, काकूला कमिशन मिळालं. त्याआधी मी दुसऱ्या एका ठिकाणी गेले होते, त्याचंही नाव टाकत नाही, उगीच भांडण नको. दोन्हीकडं काय वेगळं होतं ते वाचलं तर तुमच्या गावातल्या क्लिनिकची पायरी चढताना काय बघायचं ते तुम्हाला कळेल.

पहिल्या ठिकाणी आत गेले तर काउंटरवरच्या पोरीनं चिठ्ठी वाचली, दहा सिटिंगचे 3000 आधीच भरून घेतले आणि खाटेवर झोपवलं. खांद्याला चार पट्ट्या लावल्या, मशीन चालू केलं आणि ती बाहेर गेली. मुंग्या येत राहिल्या. घंटी वाजली, पट्ट्या काढल्या, वरून गरम पिशवी ठेवली, परत घंटी. “झालं काकू, उद्या याच वेळेला या.” दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. दुपारपर्यंत बरं वाटायचं, संध्याकाळच्या भाकरीला बसलं की होतं तिथंच. एवढ्या दिवसांत माझा हात कुणी वर उचलून बघितला नाही. कुठपर्यंत जातो हेसुद्धा कुणी विचारलं नाही. मी विचारलं, “डॉक्टर कधी बघणार?” तर, “सर संध्याकाळी असतात.” संध्याकाळी माझ्याकडं पोरांची पंगत असते!

औसा रोडला पहिल्या दिवशी मशीन लावलंच नाही. मॅडमनी समोर बसवून विचारायला सुरुवात केली. कधीपासून दुखायलंय, रात्री जाग येते का, त्या कुशीवर झोपता येतं का, केस विंचरता येतात का, ब्लाउजचा हूक मागून लावता येतो का, पदर खांद्यावर कुठल्या हातानं टाकता. शेवटच्या प्रश्नाला मला हसूच आलं, पण खरं होतं, दोन महिने झाले मी पदर डाव्या हातानं टाकत होते आणि माझ्याही ते ध्यानात आलं नव्हतं. मग मला हात वर करायला सांगितला. मग माझा हात सैल सोडायला लावून त्यांनी स्वतः उचलला. तरीही तो तिथंच अडला. त्या म्हणाल्या, “बघा, तुम्ही उचलला तरी इथंच आणि मी उचलला तरी इथंच. सांध्याभोवतीचं आवरण आखडलंय. नुसता स्नायू फाटलेला असता तर बहुतेक वेळा मी उचलल्यावर हात वर गेला असता.” नंतर कोपर कमरेला चिकटवून पंजा बाहेरच्या बाजूला न्यायला सांगितला. तो तर हललाच नाही म्हटलं तरी चालेल. या आजारात हीच हालचाल सगळ्यात आधी जाते म्हणे.

त्यांच्याकडं दोन लांब पट्ट्यांचा एक कोनमापक होता. त्याला गोनिओमीटर म्हणतात. तो खांद्याला लावून त्यांनी आकडे माझ्या फाइलवर लिहिले : समोरून 95, बाजूनं 70, बाहेर वळवणं 10. चांगल्या खांद्याचे पहिले दोन आकडे 180 च्या आसपास असतात आणि तिसरा 90 च्या जवळ. दुखणं किती ते पण शून्य ते दहामध्ये सांगायचं. मी आठ म्हटलं.

तुम्हाला एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. पहिल्या दिवशी तुमच्या सांध्याला हात लावून, मोजून, लिहून घेतलं का? गुडघा असेल तर किती वाकतो, कंबर असेल तर पाय सरळ किती उचलतो, बोटांत ताकद किती, चालताना पाय कसा पडतो. हे न बघता कुणी सरळ मशीनखाली झोपवत असेल तर तिथं तुमची घंटी वाजणार, बाकी फार काही व्हायचं नाही. महिन्यानं फरक पडला की नाही हे तरी कशावरून ठरवणार? “बरं वाटतंय का काकू” या प्रश्नाला मराठवाड्यातला माणूस “हाव, जरा बरंय” असंच उत्तर देतो, खांदा मोडून पडला तरी.

मॅडमनी पंधरा दिवसांत बरं करते असं सांगितलं नाही. उलट सांगितलं की हे दुखणं तीन टप्प्यांत चालतं, आधी दुखणं, मग आखडणं, मग हळूहळू सुटणं, आणि सगळं मिळून वर्षभर ते कधी कधी तीन वर्षंसुद्धा लागतात. शुगर असणाऱ्यांना हा आजार जास्त होतो आणि रेंगाळतोही जास्त. त्यांनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट मागितला, माझा 8.9 आला, म्हणजे जास्तच. “खांद्याचं माझ्याकडं, याचं तुमच्याकडं,” म्हणाल्या. हाडाच्या डॉक्टरांनी सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्यायचं सुचवलं होतं, त्याबद्दल विचारलं. त्यांनी ना नाही म्हटलं, ना घ्याच म्हटलं. दुखण्याच्या टप्प्यात त्यानं आराम पडतो, पण शुगरवाल्यांची साखर त्यानंतर काही दिवस वर जाते, म्हणून घेतलं तर रोज तपासत राहा आणि गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, एवढंच. मला हे आवडलं. दुसऱ्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर रेघ मारणारे लई बघितलेत.

त्यांच्या खोलीत भिंतीवर दोन फ्रेम आहेत, एक डिग्रीची, एक राज्याच्या कौन्सिलच्या नोंदणीची. जाल तिथं या दोन फ्रेम बघा, नसतील तर विचारा. बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची डिग्री, हा मॅडमच्या वेळी साडेचार वर्षांचा कोर्स होता, त्यात सहा महिने इंटर्नशिप. वर एमपीटीएच केलं की आणखी दोन वर्षं. हे मला आधीच ठाऊक होतं, कारण माझ्याच मेसमध्ये जेवून गेलेल्या काही पोरी नीटच्या मार्कांवर बीपीटीएचला लागल्यात. तीन-सहा महिन्यांचा कसला तरी कोर्स करून “फिजिओ” म्हणवून घेणारे आणि मालिशवाले वेगळे. मालिश वाईट नाही, माझी आजी फार छान करायची. पण तिनं कधी पाटी लावली नव्हती.

आता मशीनबद्दल, कारण आपल्याकडं फिजिओथेरपी म्हणजे ‘करंट आणि शेक’ एवढंच समजतात. “शेकायला जायलो” असंच म्हणतात लोक. औसा रोडलाही मशीन लावतात, पण व्यायामाच्या आधी, सांधा थोडा मोकळा व्हावा आणि दुखणं दबावं म्हणून. चार पट्ट्यांचं करंटचं मशीन ते आयएफटी. त्याच्या मुंग्या यायला पाहिजेत, सुया टोचल्यासारखं वाटायला नको. पेसमेकर असेल तर ते लावत नाहीत, म्हणून कुणी विचारलं नाही तरी आधीच सांगा. शॉर्टवेव्ह डायथर्मी नावाचं मोठं मशीन आहे, त्याचा शेक आत खोल जातो. अंगात रॉड, प्लेट, स्क्रू असेल तिथं ते चालत नाही, गरोदर बाईलाही नाही. अल्ट्रासाउंडला जेल लावून गोल गोल फिरवतात. त्याचं डोकं एका जागी धरून ठेवलं आणि चटका बसायला लागला तर गप्प बसू नका.

शुगरवाल्यांसाठी खास सांगते. माझ्या खांद्यावर पहिला शेक द्यायच्या आधी मॅडमनी दोन काचेच्या नळ्या आणल्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. डोळे मिटायला लावून कातडीला लावल्या आणि कुठली गरम ते विचारलं. शुगरनं कातडीची जाणीव कमी झाली असेल तर भाजतंय हेच कळत नाही, आणि त्या भाजलेल्या जागेची जखम मग महिनोन् महिने भरत नाही. पायाच्या तळव्याला आधीच बधिरपणा असेल तर ही तपासणी झाल्याशिवाय गरम पिशवीला हात लावू देऊ नका. आपल्याकडं जितकं गरम तितकं गुणाचं असा समज आहे. माझ्या शेजारच्या खाटेवरचे एक मामा रोज “आणखी गरम करा की” म्हणायचे आणि असिस्टंट पोरगी पिशवीखाली रोज एक टॉवेल वाढवायची.

त्यावरून आठवलं. बाम, आयोडेक्स, कुठलं तेल चोपडून जाऊ नका. त्यावर शेक दिला की कातडी भाजते. आणि बिबा तर अजिबातच नको. आमच्या सासूबाईंनी पहिल्या आठवड्यातच बिबा काढला होता. बिब्यानं कातडीवर फोड आले की त्या जागी पट्टी लावता येत नाही, शेक देता येत नाही आणि आधी ती जखम बरी करत बसायचं. उसण भरली की आमच्याकडं पायाळू माणूस शोधतात आणि त्याच्याकडून कमरेला पाय लावून घेतात. साध्या उसणीला कुणी कुणाचा पाय लावला तरी ती चार दिवसांत जातेच, त्यामुळं पायाळूचं नाव टिकून आहे. पण कमरेच्या दुखण्यात लघवी अडायला किंवा कळेनाशी व्हायला लागली, बसायच्या जागी बधिर झालं, चालताना पाऊल उचलेनासं झालं, तर पायाळूही नको आणि फिजिओही नको, त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. हे मॅडमनी मोठ्या अक्षरात लिहून बाहेर लावलंय, आणि त्यांनी स्वतःच्याच धंद्याच्या दारात हे लावलंय याचं मला कौतुक आहे.

काय घेऊन जायचं? डॉक्टरांची चिठ्ठी, एक्स-रे किंवा एमआरआयची फिल्म (नुसता रिपोर्टचा कागद नाही), ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्जचा कागद, चालू गोळ्यांची नावं. रक्त पातळ करायच्या गोळ्या, हाडं ठिसूळ असणं, आधीचा कॅन्सर, हे सगळं पहिल्याच दिवशी सांगायचं. ते आपल्याला दुखण्याशी संबंधित वाटत नाही आणि तेच नेमकं संबंधित असतं. उपाशी जायचं नाही, विशेषतः शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन, आणि पोटभर जेवूनही जायचं नाही. पिशवीत बिस्किटाचा पुडा असू द्या.

कपड्यांचं बायकांनी नीट ऐका. खांद्यासाठी घट्ट कोपरापर्यंतच्या बाहीचं ब्लाउज घालून गेलं तर अर्धा वेळ तेच सोडवण्यात जातो. मी पोराचा जुना ढगळ टी-शर्ट पिशवीत न्यायचे आणि पडद्याआड बदलायचे. गुडघ्यासाठी सैल सलवार, पुरुषांनी बर्मुडा. खेड्यातून नऊवारीत येणाऱ्या आजीबाईंसाठी तिथं गाऊन ठेवलेले आहेत, रोज धुतलेले असतात, मी वास घेऊन बघितलंय. खाटांमध्ये पडदे आहेत. पुरुष फिजिओ असेल आणि अवघड वाटत असेल तर बाई असिस्टंटला थांबायला सांगा, त्यात कसला संकोच? पहिल्या ठिकाणी पडदाच नव्हता. येणारा-जाणारा बघत जायचा.

पैशाचं बोलते, तो माझा प्रांत आहे. औसा रोडला पहिली तपासणी 300, नंतर एका सिटिंगचे 250, घरी येऊन करायचे 500. दहाचं पॅकेज घेतलं तर 2200. पण पॅकेज त्यांनी पहिल्या दिवशी घेऊच दिलं नाही. “आधी दोन-तीन सुटे करा, जमतंय का बघा, मग ठरवा.” मेस चालवणाऱ्या बाईला आगाऊ पैसे आणि खाडे यातलं सगळं कळतं. पोरगं सुट्टीला गावाकडं गेलं की खाडे धरायचे की नाही यावरच मेसचं नाव राहतं किंवा जातं. तेच मी इथं विचारलं, मध्येच बंद केलं तर? काउंटरवरच्या ताईनं पावतीच्या मागं लिहून दिलं, उरलेल्या सिटिंगचे पैसे परत. पहिल्या ठिकाणी मी उरलेले पैसे मागितले तेव्हा उत्तर आलं होतं, “परत मिळत नाहीत काकू. तुमच्या मिस्टरांची कंबर दुखते ना, त्यांना पाठवा.” म्हणजे माझ्या खांद्याच्या पैशात त्यांची कंबर! आमचे हे जायला तयारही झाले होते, फुकट आहे म्हणून.

आरोग्य विम्याच्या भरवशावर राहू नका. आमच्या पॉलिसीत असे रोज जाऊन घ्यायचे उपचार बसत नाहीत, बऱ्याच पॉलिसींमध्ये नाहीत. ऑपरेशन किंवा दवाखान्यात भरती झाल्यानंतर ठरावीक दिवसांपर्यंतची फिजिओथेरपी काहींमध्ये बसते, त्यासाठी डॉक्टरांची लेखी चिठ्ठी आणि प्रत्येक पावती लागते. ज्यांना 250 रोज परवडत नाहीत त्यांनी सरकारी दवाखान्यातल्या फिजिओथेरपी विभागात जरूर विचारावं. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. रांग असते, हे खरं. फिजिओथेरपी कॉलेजच्या ओपीडीत विद्यार्थी करतात, वर सर लोकांचं लक्ष असतं आणि पैसे अगदी कमी. 8 सप्टेंबरला फिजिओथेरपी दिन असतो, त्या आठवड्यात खासगी क्लिनिकवालेही फुकट तपासणीची शिबिरं घेतात. तेवढ्यावर पहिली तपासणी तरी होऊन जाते.

आता व्यायाम. खरं काम हेच, आणि बहुतेक लोक इथंच गळतात. मला घरी करायला दिलेले असे : टेबलाला डावा हात टेकवून वाकायचं आणि उजवा हात सैल लोंबकळत सोडून गोल फिरवायचा. भिंतीकडं तोंड करून बोटांनी भिंतीवर चढत जायचं. आडवं पडून दोन्ही हातांत काठी धरायची आणि चांगल्या हातानं आखडलेल्या हाताला बाहेर ढकलायचं (काठी म्हणून मी लांब लाटणं घेतलं). अंघोळीनंतर टॉवेल पाठीमागं धरून वर-खाली. आणि दाराच्या कडीवरून दोरी टाकून चांगल्या हातानं ओढायचं म्हणजे दुखरा वर जातो. दिवसातून तीनदा, एकदम नाही, थोडं थोडं.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी पेन्सिलनं खुणा केल्या. फोडणीची वेळ झाली की बाया विचारायच्या, “काकू, आज किती चढलात?” पोरांनाही कळलं, मग तीही विचारायला लागली. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या दिवशी क्लिनिक बंद. त्या दिवशी अख्खं लातूर रानात असतं, गावात कावळासुद्धा सापडत नाही. मी शेतात आंब्याच्या फांदीला दोरी टाकून पुली केली. जाऊबाई आंबील वाटता वाटता थांबल्या आणि म्हणाल्या, “झोका बांधायलात की काय?” भज्जी खाऊन झाल्यावर त्यांनीही ओढून बघितलं. त्यांचा डावा खांदा कुरकुरतो, पण दवाखान्यात जाणार नाहीत.

दुखलं तर किती दुखलेलं चालतं, हे नक्की विचारून घ्या. मला सांगितलेला हिशोब असा, ताण बसला पाहिजे, दुखलं तरी थोड्या वेळानं उतरलं पाहिजे. व्यायामानं रात्रीची झोप गेली किंवा दुसऱ्या दिवशीही तसंच दुखत राहिलं तर जास्त झालं, कमी करायचं, बंद करायचं नाही. कुणी झटका देऊन एकदम हात वर नेत असेल तर तिथून उठून या. आणि भाकरी? ती थापायची बंद करायला लागणार या भीतीनं मी विचारतच नव्हते. मॅडमनी स्वतःच काढलं. काटवट उंचावर ठेवा, उभ्यानं थापा, कोपर अंगाजवळ ठेवा, दर दहा-पंधरा भाकरींनी हात बदला. मग गॅसच्या ओट्यालाच पाट टाकून जागा केली. डाव्या हातानं थापलेली भाकरी अजून थोडी वाकडी होते, पण पातळ असते, तक्रार नाही.

क्लिनिकच्या बाहेरच्या बाकावर बसून जे ऐकलं त्यातलं एक लिहायलाच पाहिजे. निलंग्याकडची एक बाई नवऱ्याला घेऊन येते, त्यांना लकवा झालाय, डावी बाजू गेलीय. आधी कुठं कुठं लकव्याचं औषध मिळतं म्हणून गावोगाव फिरले, पथ्य पाळलं, तेल चोळलं, आणि चार महिन्यांनी इथं आले. लकव्यात पहिले तीन ते सहा महिने शरीर सगळ्यात जास्त शिकतं, पुढंही फरक पडतो पण हळू. आणि त्याच्याही आधीची गोष्ट, तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं की साडेचार तासांच्या आत मोठ्या दवाखान्यात पोचलं तर काही रुग्णांना गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येतं. त्या घड्याळात औषधाचं गाव बसत नाही. त्या दिवशी त्यांचा भाऊ त्यांना खुर्चीतून उठवताना लुळा हात धरून ओढत होता. मॅडम आतून धावत आल्या आणि पहिल्यांदाच मी त्यांना ओरडताना ऐकलं. लुळ्या हाताला ओढलं की खांदा सांध्यातून खाली सरकतो आणि मग ते दुखणं आणखी वेगळं. कमरेला पट्टा बांधून, पुढून आधार देऊन कसं उठवायचं ते त्यांनी भावाकडून तीनदा करून घेतलं. घरात लकव्याचा पेशंट असेल तर पेशंटबरोबर उठवणारा माणूसही नेत चला, शिकायचं त्यालाही असतं.

एवढं कौतुक केलं, आता तक्रारी. क्लिनिक पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. गुडघ्याचे पेशंट कठडा धरून हाशहुश करत चढतात, कठडाही एकाच बाजूला. कमरेचं ऑपरेशन झालेल्या एका आजोबांना खुर्चीत बसवून दोघांनी वर आणलेलं मी बघितलंय. संडास उकिडवं बसायचा. ज्यांना गुडघे वाकवता येत नाहीत त्यांच्याच दवाखान्यात! हे मी मॅडमना तोंडावर सांगितलंय, त्या म्हणाल्या जागा भाड्याची आहे. असू दे, कमोडची खुर्ची तरी ठेवा. लाइट गेली की इन्व्हर्टरवर छोटी मशीन चालतात, मोठं बंद. उन्हाळ्यात जाणार असाल तर सकाळची वेळ घ्या. संध्याकाळी साडेसहानंतर गर्दी उसळते, सातची वेळ दिली तरी पावणेआठ होतात आणि तोवर टीव्हीवर मालिका मोठ्या आवाजात. दुपारी मॅडम दुसऱ्या दवाखान्यात असतात, तेव्हा असिस्टंट शेक आणि करंट देतात पण हात मॅडम स्वतःच बघतात. म्हणून मॅडम असतील तीच वेळ मागून घ्या. सकाळी दहा ते बारा ही वेळ मला बरी पडली, पोरं क्लासला गेलेली असतात.

माझं आजचं मोजमाप समोरून 150, बाजूनं 140, बाहेर 45. केस दोन्ही हातांनी विंचरते. मागचा हूक अजून लागत नाही, लेकीला लावायला सांगते. रात्रीची जाग बंद झाली, दुखणं आठावरून दोनावर आलंय. पॅकेज संपलं तेव्हा मी पर्स काढली तर मॅडम म्हणाल्या, “आता रोज येऊ नका, उगीच पैसे घालायलात. घरचं चालू ठेवा आणि महिन्यातून एकदा मोजायला या.” मोजायचे 100 रुपये घेतात, मशीन काही लावत नाहीत, आणि मला तेवढंच पाहिजे.